चाकावरची कोपी

घर बांधता बांधता जिचे केस पांढरे झाले, तिच्या एकुलत्या एका पोरानं गाडीच्या टपावर झोपायचा तंबू आणला, तर त्या बाईनं काय करावं? मीनाबाईनं आधी तंबूकडं पाहिलं, मग पोराकडं, मग घराच्या स्लॅबकडं. तिचा पारा तेव्हा जो चढला तो पुढं दोन वर्षं काही उतरला नाही.

स्लॅबची गोष्ट आधी सांगायला हवी. मीनाबाईचा नवरा धर्मपाल सरवदे गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि तो वॉचमन झाला. मीनाबाईनं शिवणयंत्र घेतलं आणि शाळेचे गणवेश शिवायला लागली. सोलापुरात शिवलेले गणवेश कुठल्या कुठल्या गावची पोरं घालतात. त्यातल्या किती पोरांच्या खिशांना, कॉलरांना मीनाबाईचा हात लागला असेल, ते तिचं यंत्रच जाणे. त्या यंत्रावर जुळे सोलापुरात जागा झाली, भिंती झाल्या, दोन वर्षं पत्रा राहिला आणि शेवटी स्लॅब पडला. स्लॅब पडल्यावर वर्षभरानं धर्मपाल गेला. पावसाळ्यात रात्री जाग आली की मीनाबाई अजूनही वर बघते, गळत नाही याची खात्री करते आणि मग कूस बदलते.

कारण तिचं लहानपण कोपीत गेलं होतं. माहेर वैरागकडचं. दसरा झाला की ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक गावात यायचा, आईबापांची जोडी म्हणून एक कोयता धरला जायचा आणि भांडीकुंडी, शेळी, पोरं असं सगळं ट्रकमध्ये चढायचं. फडाच्या कडेला बांबू वाकवून, त्यावर चटया आणि पाचट टाकून कोपी उभी करायची. आत शिरायचं ते वाकून, बसायचं ते वाकून. ताठ उभं राहायचं ते फक्त फडात, तेही डोक्यावर मोळी घेऊन. एकदा रात्रीच्या अवकाळी पावसात कोपीत पाणी घुसलं, तेव्हा तिचा बाप पिठाचा डबा डोक्यावर धरून उजाडेपर्यंत बसून राहिला होता. तिची शाळा चौथीतच सुटली. हे सगळं तिनं पोराला सांगितलं होतं. एकदा नव्हे, त्याला कंटाळा येईपर्यंत सांगितलं होतं.

आणि त्या पोराला, म्हणजे बुद्धभूषणला, विमा कंपनीत अधिकाऱ्याची नोकरी लागल्यावर काय सुचलं? फोर बाय फोर गाडी. तीही जुनी, डिझेलवरची, चारही चाकांना जोर देणारी. डोंगरात जायचं, नदीत घालायची, चिखलात रुतवायची आणि मग बाहेर काढायची. रुतवायची कशाला, हे मीनाबाईनं विचारलं होतं. बाहेर काढण्यातच मजा असते आई, असं तो म्हणाला. रस्ता सोडून जायचंय तर गल्लीत चालव की, असं मीनाबाईनं सुनावलं. त्यात खोटं काही नव्हतं. पाईपलाईनसाठी गल्ली गेल्या दिवाळीच्या आधी उकरली होती आणि ती बुजवायची कुणाला आठवण नव्हती.

गाडीवर मग एकेक सामान चढत गेलं. आधी टायर बदलले, बैलाच्या खुरांना लाजवतील असे खाचांचे. मग बॉनेटच्या बाजूनं वर जाणारी एक काळी नळी बसली, पाण्यात गाडी बुडाली तरी श्वास घ्यायला. पुढच्या बंपरमध्ये विंच आला. मीनाबाई त्याला रहाट म्हणायची, कारण त्यावर दोर गुंडाळलेला होता आणि तो विजेवर ओढला जायचा. चाकाखाली घालायच्या नारिंगी फळ्या आल्या, ओढायचे पट्टे आले, लोखंडी कड्या आल्या. मागं लाकडी खण झाले. एका खणात गॅसची छोटी शेगडी, एकात भांडी, एकात पिठामिठाचे डबे. घडीच्या खुर्च्या. कंदिलाच्या आकाराचा दिवा. पाण्याचे मोठे दोन कॅन.

कॅन बघून तर मीनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. बाया मोटार लावून, पिंप भरून, पातेल्यापातेल्याचा हिशेब ठेवून जगतात. आणि हा मनुष्य घरचं पाणी डोंगरात नेऊन तोंड धुणार. तिनं दुसऱ्याच दिवशी कॅन उतरवले आणि न्हाणीघरात ठेवून दिले. पुढच्या सहलीच्या वेळी त्यांचा शोध चालला तेव्हा तिनं एक अक्षर सांगितलं नाही. शेवटी सून तेजश्रीनं ते काढून दिले.

तेजश्री शाळेत शिकवायची, सासूला आत्या म्हणायची आणि दोघांच्या भांडणात सहसा पडायची नाही. पण टपावर तंबू आला त्या दिवशी तीसुद्धा हसली. शिडी लावली, कुलपं काढली, आणि घडी उलगडून गाडीच्या डोक्यावर घर उभं राहिलं. बुद्धभूषण वर चढून आत बसला. गल्लीतली पोरं टाळ्या पिटायला लागली.

मीनाबाई एवढंच म्हणाली, "आत हुबं राहता येतंय का?"

"नाही आई. बसायचं, झोपायचं."

"मग ही कोपीच की. चाकावरची."

तेव्हापासून गल्लीत त्या गाडीला दुसरं नाव उरलं नाही.

आता एवढी चीड असलेल्या बाईनं गाडीपासून लांब राहावं की नाही? पण मीनाबाईचा राग असा की तो कामाला लागल्याशिवाय शांत बसत नाही. तंबूला जोडायची बाजूची कनात बुद्धभूषणनं तयार आणली होती. ती पहिल्याच सहलीत उसवून आली. मीनाबाईनं शिवण बघितली आणि ज्यानं कुणी ती मारली होती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताणाच्या जागेला एकच टीप. कोपऱ्याला अस्तर नाही. असली कॉलर आपण शिवली असती तर शेठनं तोंडावर फेकली असती, असं ती म्हणाली आणि तावातावात रिक्षा करून नवी पेठेत गेली. तिथं तिनं तीन दुकानं पालथी घातली, मेणकापड हातात चोळून, वास घेऊन, दुकानदाराशी भांडून घेतलं. आठवडाभर गणवेश बाजूला ठेवून तिनं नवी कनात शिवली. दुहेरी टिपा, कोपऱ्याला चामड्याचे तुकडे. भांड्यांसाठी खिसे, शेगडीसाठी पिशवी, दोराला वेगळा कप्पा. शिवताना तोंडाचा पट्टा चालूच होता. ह्या असल्या धंद्याला माझी सुई लागतीया, हे बघायला धर्मपाल न्हाय ते बरं.

आणि मग वंगणाचं प्रकरण झालं.

पावसातल्या एका सहलीनंतर गाडी धुऊन अंगणात उभी होती. बुद्धभूषण कामासाठी पुण्याला गेला होता. मीनाबाई झाडायला गेली, तर तिला चाकाच्या जाळीतून आत एक लोखंडी ताटली दिसली. तिच्यावर लालसर गंज चढला होता. मीनाबाईचा बाप नंतर नंतर बैलगाडी घेऊन तोडीला जायचा, आणि रोज संध्याकाळी भाकरीच्या आधी गाडीच्या आसाला वंगण घालायचा. कोरडं चाक बैलाच्या मानेवर बसतं, असं तो सांगायचा. लाखाची गाडी घेतली आणि चाकाला वंगण घालायची अक्कल नाही, असं पुटपुटत मीनाबाईनं पोराच्या खणातला ग्रीसचा डबा काढला, आणि जाळीतून बोटं घालून पुढच्या दोन्ही चाकांच्या ताटल्या चांगल्या चोळून काढल्या. हात पुसले. आपण हे केलं हे कुणाला सांगितलंही नाही, कारण गाडीची काळजी केली असं दिसणं तिला परवडणारं नव्हतं.

ती ताटली म्हणजे ब्रेकची होती. तिच्यावर तेलाचा थेंब पडला तरी ब्रेक लागत नाही, आणि इथं तर अर्धा डबा गेला होता. बुद्धभूषणनं परत आल्यावर गाडी फाटकातून काढली, ब्रेक दाबला, आणि गाडी तशीच जाऊन गल्लीतल्या उकरलेल्या मातीच्या ढिगात घुसली. कुणाला लागलं नाही. खड्डा वेळेत बुजवला नाही म्हणून पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं झालं. मिस्त्रीनं चाक खोललं, बोटानं ग्रीस काढून दाखवलं आणि विचारलं की हे कुणी केलं. मीनाबाई दारातच उभी होती. ती म्हणाली, म्या केलं. आणि मिस्त्रीलाच वर झाडलं, की ज्याला वंगण लावायचं ते झाकून ठेवता आणि ज्याला लावायचं न्हाय ते उघडं टाकता, ही कुटली रीत. मिस्त्री बिचारा दुसरी गाडी बघायला निघून गेला. बुद्धभूषण मात्र हसत होता. आईनं गाडीला हात लावला यातच त्याला आनंद झाला होता, आणि ते दिसल्यामुळं मीनाबाई आणखी चिडली.

त्या हसण्यानंतरच त्यानं तिच्यामागं टुमणं लावलं, की एकदा तू चल. त्यांचा गट होता, पाच-सहा गाड्यांचा. आदिनाथ म्हणून एक होते, ते म्होरके. रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. म्हणजे ज्यानं रस्ते करायचे तोच सुट्टीच्या दिवशी रस्ता नसलेली जागा हुडकत फिरायचा. मीनाबाईला हे कळलं तेव्हा तिला रागाचं नवं कोलीतच मिळालं. जायला ती तयार झाली ती एका कारणानं. वाऱ्यात तिची कनात टिकते का, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तेजश्रीला शाळा होती, तिनं दोघांना डबा बांधून दिला.

दिवस थंडीचे होते. नातेपुत्याच्या अलीकडं गाड्या डांबरी सोडून आत वळल्या. शिंगणापूरच्या डोंगराच्या पायथ्याच्या टेकाडांवर त्यांनी सकाळभर धुडगूस घातला. बुद्धभूषण उतरून चाकांतली हवा सोडायचा. आत बसलेली मीनाबाई विचारायची, की जग हवा भरतं आणि तू सोडतूस कशाला. हवा कमी असली की चाक पसरतं, जमीन धरतं, असं तो सांगायचा. हे मात्र तिला पटलं, पण पटलं असं ती म्हणाली नाही. दुपारी गाड्या खाली कालव्याच्या काठी, एका माणसाच्या पडीक रानात येऊन थांबल्या. तंबू उघडले. कनात ताणली गेली. वारा बऱ्यापैकी होता, कापड टणक राहिलं, एक टीप हलली नाही. मीनाबाई तिच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला बरं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात आदिनाथांची बायको उत्कर्षा चहाचा कप घेऊन आली. बाई स्वभावानं चांगली होती. शेजारी खुर्ची ओढून बसली, कनातीचं मनापासून कौतुक केलं आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला तर हे नवीन नाहीच ना. भूषण सांगत होते, लहानपणी तुम्ही दरवर्षी आईवडिलांबरोबर शेतांमध्ये कॅम्पिंगला जायचात. महिनोन्महिने. किती छान."

मीनाबाईच्या हातातला चहा तसाच राहिला.

कॅम्पिंग. तिनं पोराकडं बघितलं. तो पाच पावलांवर शेगडी पेटवत होता. त्यानं ऐकलं होतं, कारण त्याची मान खाली गेली आणि तो पेटलेल्या शेगडीला पुन्हा लायटर लावत बसला.

सगळं मीनाबाईनं सोसलं असतं. तंबू सोसला, कॅन सोसले, मातीत घातलेला पैसा सोसला. पण बाप पिठाचा डबा डोक्यावर घेऊन बसला होता, त्या रात्रीचं ह्यानं कॅम्पिंग केलं? आईनं ऊस तोडला हे सांगायची ह्या लोकांत लाज वाटत होती, तर गप्प बसायचं. खोटं सांगून तिचं आयुष्य चहाबरोबर खायचं बिस्कीट करायची काय गरज होती? तिच्या ओठावर आलं होतं. पण चारचौघांत पोराचं नाक कापायचं तिच्यानं झालं नाही. ती उठली आणि कालव्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

आणि पलीकडं तिला फड दिसला.

अर्धा तुटलेला, अर्धा उभा. कडेला कोप्यांची रांग. लहानपणी ती तोडीला आली होती ते हेच शिवार का दुसरं, ते तिला सांगता आलं नसतं. तिला दिसलं ते एवढंच की कोपीवर आता चटईच्या जागी काळं प्लास्टिक आलंय, आणि बाकी काही म्हणजे काही बदललेलं नाही. एक बाई वाकून आत शिरत होती, तितकीच वाकून. पन्नास वर्षांत माणसानं गाडीच्या टपावर घर चढवलं, आणि कोपीची उंची हातभर वाढली नाही. मीनाबाईचा पोरावरचा राग क्षणभर बाजूला राहिला आणि तिथं त्याहून मोठा राग येऊन बसला. तो कुणावर काढायचा ते मात्र तिला कळेना.

फडातून निघणाऱ्या वाटेवर उसानं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट रुतली होती. कालव्याचं पाणी फुटून वाटेवर आलं होतं आणि काळ्या मातीचा राबडा झाला होता. टोळीची माणसं चाकाखाली पाचट घालत होती. ट्रॅक्टर गुरगुरायचा, पाचट मागं फेकायचा आणि आणखी खाली बसायचा. थोड्या वेळानं त्यांचा मुकादम कोंडीबा पुलावरून इकडं आला. गाड्या बघितल्या, पुढचे रहाट बघितले, आणि पागोटं सारखं करत आदिनाथांकडं गेला. साहेब, तुमच्या गाड्यांनी जरा ओढ दिली तर निघंल, असं त्यानं विनवलं.

आदिनाथांनी त्याला नीट समजावून सांगितलं. ते उर्मट माणूस नव्हते, आणि ते सांगत होते त्यात तथ्यही होतं. भरल्या ट्रॉलीचं वजन फार असतं, विंच गाडी काढायला असतो, ट्रॉली काढायला नाही, दोर तुटला तर माणूस जाईल, गाडीची चासी वाकेल. दुसरा ट्रॅक्टर मागवा, असं ते म्हणाले. कोंडीबा म्हणाला, दुसरा कारखान्यावर नंबरात उभा हाय, त्यो उद्याच येनार. तवर ट्रॉली रिकामी करायची, मोळ्या डोक्यावरनं वाळल्या जाग्यावर न्यायच्या आन् पुन्ना भरायच्या. बाया पहाटंपासनं तोडतायत साहेब. त्या भरण्याचं कुणी काय देत न्हाय.

गटातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी मोबाईल काढला. बुद्धभूषणही उभा होता, हात बांधून, आदिनाथांच्या बाजूला.

मीनाबाई तिथं आली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच पोराला जास्त लागलं असावं.

"भूषण, सकाळपासनं तू तीन येळा गाडी मुद्दाम रुतवलीस आन् तीन येळा काढलीस. हितं खरीच रुतलीया. मग हे समदं सामान कशापायी हाय?"

आदिनाथ म्हणाले, काकू, गाडी खराब होईल त्याची. मीनाबाईनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. तिची नजर पोरावर होती. बुद्धभूषणनं खिशातून किल्ली काढली, कनातीचे दोर सोडले, टपावरचा तंबू मिटला आणि गाडी पुलावरून पलीकडं नेली.

पहिल्या ओढीला त्याची गाडीच घसरत ट्रॅक्टरकडं जायला लागली. ट्रॅक्टर जागचा हलला नाही, विंचचा दोर ताठ होऊन वाजायला लागला, आणि सगळी माणसं मागं पळाली. मागून कशाचा तरी आधार हवा होता आणि जवळ एक झाडही नव्हतं. बुद्धभूषण उतरला. तो काही मागणार, एवढ्यात आदिनाथांची मोठी गाडी मागं येऊन लागली. आत उत्कर्षा होती. ती नवऱ्याला काही विचारायच्या भानगडीत पडलीच नव्हती. पट्ट्यानं दोन्ही गाड्या बांधल्या गेल्या. दोरावर जड सतरंजी टाकली, तुटला तर उसळू नये म्हणून. माणसं लांब केली. नारिंगी फळ्या ट्रॅक्टरच्या चाकांपुढं, फळ्यांपुढं पाचट. ट्रॅक्टर, रहाट आणि मागची गाडी असा सगळ्यांनी मिळून जोर लावला. एक फळी कडकन मोडली. बुद्धभूषणचा बंपर डोळ्यांदेखत वाकला. आणि ट्रॉली चिखलातून निघाली ती मुरुमावर येऊनच थांबली.

टोळीत हसू फुटलं. गटातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आदिनाथांनीसुद्धा वाजवल्या, आणि मग ते खाली बसून बंपर तपासायला लागले. बुद्धभूषण आईकडं बघत होता. शाबासकी मिळेल असं त्याला वाटत असावं. मीनाबाई वळली आणि कोप्यांकडं निघून गेली. ट्रॉली निघाली म्हणून खोटं निघत नाही.

टोळीतली बजाबाई नावाची बाई तिला चहाला चला म्हणाली होती. कोपीत पुन्हा पाय टाकणार नाही, असं मीनाबाईनं लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. पण ती वाकली आणि आत गेली. तिचं अंग ते वाकणं विसरलं नव्हतं. मेढीला पिशवी टांगलेली, कोपऱ्यात तीन दगडांची चूल, पिठाचा डबा विटांवर उंच ठेवलेला. त्या विटा बघून मीनाबाईला गलबलून आलं. पाणी इथंही शिरत होतं तर.

बजाबाईनं गुळाचा कोरा चहा दिला. मग पोरीच्या कुतूहलानं ती पलीकडच्या तंबूंकडं बोट दाखवून विचारत राहिली. तुमी कुटनं आलाय मावशी. सोलापूर. ते गाडीवर चढवलंय त्येच्यात झोपताय व्हय. व्हय. किती दिस ऱ्हायचं. सकाळी जायाचं.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. बुद्धभूषण आईला शोधत आला होता, आणि त्याच्यामागं बिस्किटांचे पुडे घेऊन उत्कर्षा, आदिनाथ आणि गटातली आणखी दोघं. बुद्धभूषण कमरेत वाकून कोपीच्या दारात थांबला.

बजाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि सरळ मनानं विचारलं, "व्हय दादा, तुमाला घर न्हाय का?"

"आहे की. स्लॅबचं आहे."

"मग असं रानात येऊन कशाला ऱ्हाताय? मुकादम बी न्हाय तुमाला."

मागं उभी असलेली माणसं हसली. बजाबाई हसली नाही, ती उत्तराची वाट बघत होती. मीनाबाईही हसली नाही. दोन वर्षं ती हाच प्रश्न नाना तऱ्हेनं विचारत होती, आणि पोराला तो कधी खरा वाटला नव्हता.

"सांग की," ती म्हणाली.

बुद्धभूषणनं मागं वळून एकदा आपल्या माणसांकडं पाहिलं. मग तो बजाबाईशी बोलला, पण जरुरीपेक्षा मोठ्यानं, मागच्या प्रत्येकाला नीट ऐकू जाईल असं.

"ते मला सांगता येत नाही, ताई. पण माझी आई लहानपणी अशाच कोपीत राहायची. इकडंच. आजोबांचा कोयता होता, तीही मोळ्या वाहायची. मी लोकांना ते कॅम्पिंग म्हणून सांगितलं. ते खोटं होतं."

उत्कर्षानं हातातले पुडे खाली घेतले. बुद्धभूषण अजून तसाच दारात वाकून उभा होता, आणि त्याच्या अंगानं सगळं दार भरलं होतं. मीनाबाईला पोराचं तोंड दिसत नव्हतं. तिनं चहाचा कप खाली ठेवला, पदर सावरला आणि शेजारच्या पाचटावर हात मारून जागा केली.

"मग आत ये की," ती म्हणाली. "दारात हुबा राहून उजेड आडवू नगंस."